मतदारयादी, महाआरती आणि पोलिसांची गोळी

बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वरची लेणी आहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेले हे शैव लेणे. आत नृत्यरत शिवाचे देखणे शिल्प आहे, आणि एका भिंतीवर मूळ शिल्पाच्या जागी कोरलेला भलामोठा क्रूस आहे. लेण्याच्या माथ्यावर ख्रिस्ती मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी बेट पोर्तुगिजांच्या हवाली केले. त्यानंतर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे चर्च केले आणि वर मठ उभारला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली आणि कालांतराने लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली.

हा क्रूस पाहिल्यावर बहुतेकांच्या मनात एकच निष्कर्ष उमटतो : धर्माने धर्मावर घाव घातला. निष्कर्ष खोटा नाही, पण अर्धा आहे. पोर्तुगीज राजाला पोपकडून ‘पाद्रोआदो’ नावाचा अधिकार मिळालेला होता. पूर्वेकडील मुलखात बिशप नेमण्याचा हक्क राजाचा, आणि चर्च व मिशन पोसण्याची जबाबदारीही त्याचीच. गोव्यात देवळे पाडल्यावर देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले ते राजाज्ञेने. छिन्नी चालवणारा हात पाद्र्याच्या सांगण्यावरून चालत असेल. त्या हातामागे तोफा होत्या, खजिना होता आणि जमिनीचे दप्तर होते. सोळाव्या शतकात धर्म आणि राज्य ही दोन वेगळी खाती नव्हतीच. मग दोषाची वाटणी कशी करायची?

मानवी हिंसेला धर्म जबाबदार की धर्मनिरपेक्षता, हा वाद हल्ली जगभर रंगतो. एक पक्ष धर्मयुद्धांची यादी वाचतो : १०९९ मधील जेरुसलेमची कत्तल, युरोपातील १६१८ ते १६४८ चे तीस वर्षांचे युद्ध, फाळणीची कत्तल. दुसरा पक्ष उलट यादी काढतो : फ्रेंच क्रांतीने १७९३ नंतर वांदे प्रांतात केलेला संहार, स्टालिनच्या छळछावण्या, माओच्या काळातील दुष्काळ, कंबोडियात भिक्षूंसह लाखोंचा बळी घेणारी ख्मेर रूज राजवट. दोन्ही याद्या खऱ्या आहेत आणि म्हणूनच वाद संपत नाही. त्यात बारकाईने पाहिले तर याद्यांतील नोंदी आपापल्या रकान्यात नीट बसतही नाहीत. तीस वर्षांच्या ‘धर्म’युद्धात १६३५ पासून कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उघडपणे लढला. विल्यम कॅव्हॅना या अभ्यासकाने २००९ मध्ये याच मुद्द्यावर आख्खे पुस्तक लिहिले : ‘धार्मिक हिंसा’ असा वेगळा वर्ग कल्पिणे हीच आधुनिक राज्याची सोय आहे, म्हणजे राज्याची स्वतःची हिंसा आपोआप शहाणपणाची ठरते. त्यांचा युक्तिवाद धारदार आहे. पण त्यातून धर्म फारच स्वच्छ होऊन बाहेर पडतो, ही त्याची उणीव.

मराठीत तर शब्दांपासूनच गोंधळ आहे. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द १८५१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज होलिओक यांनी घडवला. त्याला मराठीत इहवाद म्हणावे, निधर्मीपणा म्हणावा, सर्वधर्मसमभाव म्हणावे की धर्मनिरपेक्षता, यावर पिढ्यान् पिढ्या वाद झाले. हे चारही शब्द चार वेगळ्या गोष्टी सांगतात. संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या दुरुस्तीने जो शब्द आला तो मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. दुसऱ्या बाजूला मराठीत ‘जमातवाद’ हा एक चांगला शब्द आहे. धर्म म्हणजे श्रद्धा, आचार, नीती. जमात म्हणजे जन्माने मिळालेली ओळख. माणूस अजिबात देवभोळा नसतानाही कट्टर जमातवादी असू शकतो. १९२३ मध्ये ‘हिंदुत्व’ लिहिणारे सावरकर गायीला उपयुक्त पशू मानणारे बुद्धिवादी होते, आणि पाकिस्तान मागणारे जीना नित्य नमाज पढणाऱ्यांतले नव्हते. हा फरक मनाशी धरूनच पुढचे वाचावे.

आता वाद हवेतून जमिनीवर आणू. मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न तपासण्यासाठी एक असा दस्तऐवज उपलब्ध आहे, ज्याची बरोबरी करणारे कागद भारतात थोडेच असतील : न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाचा अहवाल.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत दंगलीचे दोन टप्पे झाले; पहिला डिसेंबरात, दुसरा ६ जानेवारी १९९३ पासून पुढचे दोन आठवडे. २५ जानेवारी १९९३ रोजी आयोग नेमला गेला. १९९५ मध्ये सत्तांतर झाल्यावर त्याच्या कार्यकक्षेत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही घालण्यात आले. जानेवारी १९९६ मध्ये तो बरखास्तच केला गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात, वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या सूचनेवरून, पुन्हा जिवंत झाला. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल सादर झाला. त्याचा दुसरा खंड पोलीस ठाण्यांप्रमाणे लावलेला आहे. ही रचना वरवर रूक्ष वाटते, पण तिच्यामुळेच अहवाल मोलाचा झाला. ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ असे दोन महाकाय पुतळे एकमेकांवर चाल करून जाताना त्यात दिसत नाहीत. दिसतात त्या गल्ल्या, चाळी, वेळा, ठाण्यातल्या नोंदी, बिनतारी संदेश आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय केले वा केले नाही, याचा हिशेब.

आयोगाच्या मोजणीनुसार दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. हे आकडे अनेकांना ठाऊक असतात. त्याच अहवालातील दुसरा तक्ता मात्र फारसा कोणी उद्धृत करत नाही : ही माणसे कशाने मेली? पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकाभोसकीत ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या हल्ल्यात ८०. खासगी गोळीबारात २२. अन्य कारणांनी ४.

या तक्त्यापाशी थांबले पाहिजे. मृत्यूचे सर्वांत मोठे एकटे कारण ना त्रिशूळ होते, ना तलवार. ती सरकारी शस्त्रागारातली गोळी होती, संविधानाने धर्मनिरपेक्ष ठरवलेल्या राज्याच्या गणवेशधारी नोकराने झाडलेली. मग धर्मनिरपेक्षता दोषी ठरली का? तसे म्हणावे, तर आयोगाचाच पुढचा निष्कर्ष आड येतो. पोलीस दलात मुसलमानांविषयी मुरलेला पूर्वग्रह होता, असे आयोगाने साफ नोंदवले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. म्हणजे बंदूक राज्याची होती आणि ती कोणाकडे वळावी, हे ठरवणाऱ्या डोळ्यांत जमात होती. त्या वेळी राज्यात आणि केंद्रात सत्ता काँग्रेसची होती, आणि हा पक्ष स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवत असे. त्या सत्तेची धरसोड, निर्णयातील दिरंगाई आणि पोलीस आयुक्तांना मिळालेले परस्परविरोधी आदेश, यांवरही आयोगाने बोट ठेवले आहे. कृती करणाऱ्यांत एक जण जपमाळ ओढणारा आणि दुसरा निरीश्वरवादी असता, तरी या गोष्टींत फरक पडला नसता.

दुसरी नोंद याहूनही विचार करायला लावणारी आहे. जानेवारीच्या टप्प्यात, निदान ८ जानेवारीपासून, शिवसेनेने मुसलमानांवरील हल्ले संघटित करण्यात पुढाकार घेतला. शाखाप्रमुखापासून थेट शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्यापर्यंतच्या नेत्यांनी त्याचे मार्गदर्शन केले, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. हे हल्ले लष्करी नेमकेपणाने झाले आणि हल्लेखोरांच्या हाती दुकाने-आस्थापनांच्या याद्या व मतदारयाद्या होत्या, असेही तो नमूद करतो. मतदारयादी! लोकशाही राज्याने तयार केलेला याहून इहवादी कागद दुसरा नसेल. तिच्यात जात नाही, धर्म नाही. नाव, वय, घर क्रमांक एवढेच. पण आपल्याकडे नावातच जमात लिहिलेली असते. प्रत्येकाला एक मत देण्यासाठी केलेली यादी घरे हेरण्यासाठी वापरली गेली. उपनगरातील मोठाल्या वसाहतींत शेजारच्या जिन्यावर कोण राहते, हे बाहेरच्या टोळक्याला ठाऊक नसते. जुन्या गावात शेजारी शेजाऱ्याला नावाने ओळखे. महानगरात ती ओळख कागदाने पुरवली.

मग यात धर्माचे काहीच नव्हते का? धर्म हे केवळ निमित्त असते आणि खरे कारण राजकारण वा पोट असते, असे म्हणण्याची पुरोगामी लेखनात पद्धत आहे. तिच्यातही पळवाट आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत महाआरत्या सुरू झाल्या. शुक्रवारचा नमाज रस्त्यावर होतो, तर आम्ही आरती रस्त्यावर करू, हा त्यामागचा जाहीर युक्तिवाद. यातील काही महाआरत्यांत चिथावणीची भाषणे झाली आणि तेथून परतणाऱ्या जमावांनी मुसलमानांची दुकाने फोडली, लुटली, जाळली, असे आयोग सांगतो. आरती ही घरातली किंवा देवळातली, पाच-दहा मिनिटांची, टाळ्या वाजवत म्हणायची गोष्ट. ती चौकात आली तेव्हा तिच्यातली भक्ती किती उरली हा प्रश्न वेगळा. पण तिने एक काम चोख केले. जमावबंदीच्या काळात, पोलिसांना हटकायला अवघड जाईल अशा रीतीने, शेकडो माणसे ठरल्या वेळी ठरल्या जागी जमवून दिली. कामगार संघटनेचा मोर्चा अडवता येतो, आरती कशी अडवायची? धर्माचा हिंसेशी संबंध येतो तो बहुधा असा : माणसे जमवण्याची जागा, पंचांगातला मुहूर्त, ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातली आयती रेष, आणि हात घालायला कायदा बिचकेल असे कवच. हे सारे त्याच्याकडे तयार असते. ते नाकारणे म्हणजे धर्माचा आदर नव्हे.

जोगेश्वरी पूर्वेला गांधी चाळीच्या परिसरात, राधाबाई चाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, ७ आणि ८ जानेवारीच्या मधल्या रात्री एका हिंदू घराला बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली. एक पुरुष आणि पाच स्त्रिया जळून मेल्या. त्यांत एक अपंग मुलगी होती. आणखी तिघे गंभीर भाजले. ज्या जोगेश्वरीत शैव लेणे आहे, मशिदी आहेत, चर्च आहेत आणि दोन्ही जमातींच्या वस्त्या एकमेकींना खेटून आहेत, तिथले हे कृत्य. वृत्तपत्रांनी ते दुसऱ्या दिवशी शहरभर पोचवले आणि ‘राधाबाई चाळ’ हे स्थळाचे नाव न राहता पुढच्या हल्ल्यांचे समर्थन बनले. जिथे त्या चाळीचा पत्ताही कोणाला सांगता आला नसता, अशा दूरच्या भागांत तिच्या नावाने माणसे मारली गेली. या खटल्यात टाडा न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी ती रद्द केली. म्हणजे सहा जीव कडी घातलेल्या खोलीत जळाले आणि कडी कोणी घातली, हे आजही न्यायालयीन दृष्ट्या अनुत्तरित आहे.

‘धर्म दोषी’ या उत्तरातली गोम इथे दिसते. धर्म दोषी ठरला की कडी घालणारा हात सुटतो. ‘धर्मनिरपेक्षता दोषी’ म्हटले की गोळी झाडणारा शिपाई आणि आदेश न देणारा मंत्री सुटतो. अमूर्ताला अटक करता येत नाही.

शिक्षांचा ताळेबंदही पाहावा. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. तो खटला विशेष न्यायालयात चालला आणि १०० आरोपी दोषी ठरले. दंगलींत त्याच्या तिपटीहून अधिक माणसे मेली आणि दोषी ठरलेल्यांची संख्या नगण्य राहिली. वांद्रे पूर्वेकडचे शिवसेना नेते आणि माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना डिसेंबर १९९२ मधील प्रक्षोभक भाषणाबद्दल शिक्षा झाली ती २००८ मध्ये, एका वर्षाची. अहवाल विधिमंडळात मांडला गेला तो ऑगस्ट १९९८ मध्ये, आणि त्यासोबतच्या कृती अहवालात तत्कालीन युती सरकारने आयोगाचे प्रमुख निष्कर्ष फेटाळले. तो हिंदुविरोधी असल्याची टीका झाली. गंमत अशी की, अहवाल लिहिणारे न्यायमूर्ती स्वतः श्रद्धाळू हिंदू आणि संस्कृतचे अभ्यासक. १९९९ मध्ये अहवालाची अंमलबजावणी करू असे म्हणत काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार आले. त्यानेही अहवालाचे फारसे काही केले नाही. धर्माच्या नावाने मते मागणारे आणि धर्मनिरपेक्षतेच्या नावाने मते मागणारे, दोघांचे या एका फाइलीबाबत एकमत झाले.

घाटकोपरची घटना या चर्चेत सहसा येत नाही, यायला हवी. ११ जुलै १९९७ च्या सकाळी माता रमाबाई आंबेडकर नगरातील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. वस्तीतले लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. १० जण मेले, २६ जखमी झाले. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. पुढे अपील चालू असताना उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला.

ही हिंसा कोणत्या रकान्यात घालायची? वस्ती मुख्यतः बौद्धांची, म्हणून धार्मिक? पण विटंबना देवाची नव्हे, संविधानाच्या शिल्पकाराची झाली होती. समोर दुसऱ्या धर्माचा जमाव नव्हता. समोर राज्य होते. वस्ती बौद्ध आहे, याचे कारण १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी जातीतून सुटण्यासाठी धर्म बदलला. धर्म हा इथे मुक्तीचा मार्ग होता. आणि गोळी आली ती ज्या संविधानाच्या नावाने राज्य चालते, त्याच्या जनकाच्या पुतळ्यासमोर. जात हा धर्माचा भाग मानावा की समाजरचनेचा, यावर पंडितांचे ग्रंथ आहेत. महामार्गालगत पडलेल्या दहा मृतदेहांना त्या वर्गीकरणाचा उपयोग नव्हता.

त्यानंतर चार दिवसांनी, मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ते डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेले, लाल झेंड्याखाली गाणारे कवी. अखेरच्या क्षणी मात्र त्यांनी डोक्याला निळे फडके बांधले होते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट याच घटनेपासून सुरू होतो. वर्गाची भाषा बोलणारा माणूस शेवटी समाजाच्या रंगाकडे का वळला, हा प्रश्न धर्म सोडा म्हणणाऱ्या इहवाद्यांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे. ओळख ही काढून ठेवता येणारी टोपी नसते, विशेषतः ज्यांना त्या ओळखीपायी मार खावा लागतो त्यांच्यासाठी.

आणि ज्यात धर्माचा लवलेश नाही, अशीही हिंसा या शहराने पाहिली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ हुतात्मे झाले असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. त्यांतले बहुसंख्य पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. प्रश्न भाषेचा आणि राजधानीचा होता. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना उपनगरांतील केंद्रांवर मारहाण झाली, तेव्हा मारणारे आणि मार खाणारे एकाच देवांची आरती म्हणणारे होते.

या साऱ्याचा अभ्यास करणारा एक मोठा माणूस उपनगरातच राहत होता. असगर अली इंजिनिअर. सांताक्रूझमध्ये त्यांचे घर आणि कार्यालय होते. दाऊदी बोहरा समाजातील सुधारणावादी, इस्लामचे अभ्यासक आणि दंगल झालेल्या गावी जाऊन तपास करणारे संशोधक. १९९३ मध्ये त्यांनी समाज आणि धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. दंगली धर्मग्रंथांतून उगवत नाहीत, स्थानिक सत्तास्पर्धेतून आणि अर्थकारणातून घडवल्या जातात, हे त्यांनी गावोगावचे पुरावे देऊन मांडले. पण २००० साली त्यांच्या घरावर आणि कार्यालयावर हल्ला झाला, तो त्यांच्याच समाजातील धर्मगुरुनिष्ठांकडून. धर्माची उदार बाजू आयुष्यभर मांडणाऱ्याला धर्मसत्तेचा दुसरा चेहरा घरबसल्या पाहावा लागला. तरीही त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि धर्मनिरपेक्षताही सोडली नाही. त्यांना या दोहोंत विसंगती दिसत नव्हती.

दंगली ‘घडवल्या’ जातात, तर त्या न घडू देणेही शक्य असले पाहिजे. याचा पुरावा मुलुंडच्या पुढे, खाडीपलीकडे, ठाणे जिल्ह्यात सापडतो. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मोठी मुसलमान वस्ती आणि दंगलींसाठी कुप्रसिद्ध. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून तिथे भडका उडाला; त्यावर न्या. मादन आयोग बसला. मे १९८४ मध्ये पुन्हा भडका उडाला आणि ती आग मुंबईपर्यंत आली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा पहिली भीती भिवंडीचीच होती. भिवंडी शांत राहिली. जानेवारीतही शांत राहिली.

धर्म बदलले नव्हते. मशिदी आणि देवळे होती तिथेच होती. संविधानही तेच होते, सरकारही तेच. मग बदलले काय? १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. अशा सुमारे ७० समित्या, प्रत्येकीत दोन्ही समाजांची सामान्य माणसे आणि बीटवरचा पोलीस. दंगल नसतानाही भेटत राहायचे, हा त्यातला खरा नियम. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, ताशा कुठे थांबेल, नळावरचे भांडण कोणाच्या कानावर घालायचे, अशा किरकोळ गोष्टींवर बैठका झाल्या. परिणाम असा की अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी, हे विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस होता. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले आणि आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीचे उदाहरण जगापुढे ठेवले. दोन जमातींमधले रोजचे नागरी धागे जिथे विणलेले असतात तिथे ठिणगी विझते, हे त्यांचे प्रतिपादन.

त्याला एक पुरवणी जोडणे भाग आहे. समित्या भाबड्या सलोख्याच्या जिवावर चालल्या नाहीत. मागे असा पोलीस अधिकारी होता, ज्याच्याविषयी दोन्ही बाजूंना खात्री होती की हा आपल्यालाही पकडेल आणि त्यांनाही. राज्याची धर्मनिरपेक्षता उद्देशिकेत असते की नाही, याहून ती बीटवरच्या हवालदारात असते की नाही, हे भिवंडीत निर्णायक ठरले. मुंबईने १९९४ नंतर, ज्युलिओ रिबेरो आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकाराने, मोहल्ला कमिट्यांचा धडा गिरवला. तोवर बराच उशीर झाला होता. मिश्र वस्त्यांतली कुटुंबे आपापल्या माणसांत सरकली होती. कोणी मुंब्र्याला गेले, कोणी मीरा रोडला, कोणी फक्त रस्ता ओलांडून पलीकडे. उपनगरांच्या आजच्या नकाशावर कोणती गल्ली कोणाची, हे सांगता येते, त्यातल्या पुष्कळशा रेषा त्या दोन महिन्यांत गडद झाल्या. भाड्याने घर शोधणाऱ्याला दलाल अजूनही आधी आडनाव विचारतो.

दंगलीतील बेपत्ता माणसांचा प्रश्न त्यानंतरही न्यायालयात रेंगाळत राहिला. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. ९०० मृतांखेरीज १६८ माणसे बेपत्ता नोंदली गेली होती. त्यांपैकी ६० जणांच्याच कुटुंबांना भरपाई मिळाली होती. न्यायालयाने दोष धर्माला दिला नाही, धर्मनिरपेक्षतेलाही दिला नाही. कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरले आणि अनुच्छेद २१ नुसार मिळालेल्या जगण्याच्या हक्काचे उल्लंघन झाले, असे म्हटले. निद्रिस्त पडलेल्या ९७ खटल्यांतील आरोपींचा शोध घ्यावा, असा आदेश दिला आणि उरलेल्या १०८ कुटुंबांना हुडकून भरपाई पोचवण्यासाठी समिती नेमली. घटनेला तोवर जवळपास ३० वर्षे झाली होती. दप्तरातल्या पत्त्यांवर ती कुटुंबे आता सापडतील कशी, हा समितीपुढचा पहिलाच प्रश्न होता.